हवाना चिरुटाची चव आणि कारखान्यातला वाचक

चिरुटाचा आस्वाद कसा घ्यावा हे सांगणारे एक स्वतंत्र वाङ्मय पाश्चात्त्य जगात आहे. त्याला वाहिलेली मासिके निघतात, पुस्तके निघतात, आणि त्यांत एकेका चिरुटाचे परीक्षण एखाद्या नाटकाच्या प्रयोगाचे करावे तशा गांभीर्याने केलेले असते. या परीक्षणांचा साचा जवळजवळ ठरून गेला आहे. चिरुटाच्या लांबीचे तीन समान भाग कल्पायचे आणि प्रत्येक भागाची चव स्वतंत्रपणे नोंदवायची. क्यूबात वळलेला चिरूट असेल तर पहिल्या तृतीयांशात देवदाराचे लाकूड, वाळलेले गवत, किंचित मलई. दुसऱ्यात कॉफी, भाजलेले बदाम, कोको, कमावलेले चामडे. आणि शेवटच्यात मिरी, ओली माती व जळका कडवटपणा. फ्रेंच शौकिनांनी हा सारा प्रवास तीन यमकबद्ध शब्दांत बांधून टाकला आहे. त्यांचा मराठीत अर्थ होतो : गवत, दिव्य, शेणखत.

प्रस्तुत लेखकाने चिरूट कधी ओढलेला नाही, आणि हा लेख कोणी ओढावा म्हणूनही लिहिलेला नाही. मला कुतूहल वाटले ते या लेखनप्रकाराचे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा साचा चटकन ओळखू येईल. आरंभ, मध्य आणि अंत; चढत जाणारी तीव्रता; परमोत्कर्षानंतरची ओहोटी. आपल्याकडील आस्वादक समीक्षेची कितीतरी वळणे या परीक्षणांत भेटतात. अनुभव सूक्ष्मपणे टिपणे, त्याला उपमा शोधणे, आणि तो अनुभव जणू आस्वादकाच्या जिभेवरच जन्माला आला असे गृहीत धरणे. मात्र तिथे एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ही तीन अंकी संहिता लिहिली कोणी?

उत्तराकडे जाण्यापूर्वी दोन शब्दांचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. 'चिरूट' हा शब्द तमिळ 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी या शब्दापासून आला आहे. 'तंबाखू' मात्र खूप दूरची. १४९२ च्या नोव्हेंबरात कोलंबसाने क्यूबाच्या अंतर्भागात रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोर्रेस या दोघांना पाठवले. पेटत्या पानांचा धूर तोंडावाटे ओढणारे स्त्रीपुरुष त्यांना वाटेत दिसले. पुढे बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने हा प्रसंग लिहिताना नोंदवले की, पानांच्या त्या पुंगळ्यांना तेथील लोक 'ताबाको' म्हणत. म्हणजे त्याच्या नोंदीप्रमाणे हे नाव झाडाचे नव्हते, वळलेल्या वस्तूचे होते. क्यूबात आजही चिरुटाला 'ताबाको'च म्हणतात. हा शब्द पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि दख्खनमध्ये रुजला. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगने अकबराच्या दरबारात तंबाखू सादर केली, ती विजापूरहून नेलेली होती. आपण तंबाखू म्हणतो तेव्हा, नकळत का होईना, एका कॅरिबियन बेटावरच्या चिरुटाचे नाव घेत असतो.

आता चवीकडे येऊ. चिरुटाची चव बदलते यामागे पहिले कारण अग्नीचे आहे. पेटत्या टोकाशी तयार झालेला धूर उरलेल्या न जळलेल्या पानांतून वाट काढत ओठांपर्यंत येतो. ही पाने गाळणीसारखे काम करतात. धुरातला पाण्याचा अंश, डांबरासारखे जड पदार्थ आणि निकोटिन त्यांवर साठत जातात. चिरूट आखूड होतो तसतशी गाळणीही आखूड होते, धूर अधिक गरम पोचतो, आणि आधी साठलेले पदार्थ पुन्हा त्यात मिसळतात. शेवटच्या तृतीयांशात ओढणारा अगोदरच्या दोन्ही भागांची शिल्लक चाखत असतो. शेवट कडवट होतो तो यामुळे. चिरुटाचा धूर सहसा छातीत घेत नाहीत, तोंडात खेळवतात. त्यामुळे हा बदल जिभेला आणि नाकाला सावकाश कळत जातो.

दुसरे कारण पानांचे आहे, आणि तेथपासून माणसाचा हात सुरू होतो. उत्तम हवाना चिरुटाची तंबाखू मुख्यतः पश्चिम क्यूबातील पिनार देल रिओ प्रांताच्या वुएल्ता आबाहो या भागातून येते. चिरुटाचे तीन थर असतात : पोटात भरलेली पाने, त्यांना बांधून ठेवणारे पान, आणि सर्वांत वरचे नितळ आवरण. आवरणाचे पान कोवळे व एकसारखे राहावे म्हणून त्याची रोपे पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. पोटातली पाने भर उन्हात वाढलेल्या झाडांची. त्यांतही झाडाच्या कोणत्या उंचीवरून पान खुडले यावर त्याचा स्वभाव ठरतो. खालचे 'वोलादो' चवीला सौम्य पण चांगले पेटणारे. मधले 'सेको' सुगंधाचे. वरचे 'लिहेरो', सर्वांत अधिक ऊन खाल्लेले, तेलकट, जहाल आणि सावकाश जळणारे. खुडलेली पाने कोठारात टांगून वाळवायची, ढीग लावून आंबवायची म्हणजे उग्र वास व अमोनिया निघून जातो, आणि मग महिनोन्महिने, लिहेरोसारखे पान असेल तर किमान दोन वर्षे, मुरत ठेवायची. पानाची मधली जाड शीर काढून टाकावी लागते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः स्त्रियांनी केले आहे.

यानंतर पाने वळणाऱ्या कामगाराच्या हाती येतात. त्याची हत्यारे अगदी मोजकी : एक लाकडी फळी, 'चावेता' नावाचे बिनदांड्याचे अर्धगोल पाते आणि थोडा वनस्पतिजन्य डिंक. तो प्रत्येक पान दुमडून ठेवतो. धुराला वाट मिळावी इतकी पोकळी राखतो आणि चिरूट भसाभस जळून जाऊ नये इतका तो घट्ट करतो. सावकाश जळणारे लिहेरो नेमके मध्यभागी बसावे लागते. ते बाजूला सरकले तर चिरूट एका अंगाने जळतो आणि परीक्षकाचे तिन्ही अंक विस्कटतात. सुमारे १२४ मिलिमीटर लांबीच्या 'रोबुस्तो'त दुसऱ्या तृतीयांशात जो कोको लागतो, तो त्या बोटांनी पाने कशी मांडली यावर बराचसा अवलंबून असतो. चव कालक्रमाने उलगडते, परंतु ती रचलेली असते अवकाशात. ही रचना करणारा कामगार आकारमानानुसार दिवसाला शंभराच्या आसपास चिरूट वळतो, आणि त्यांतला एकही त्याच्या नावाने ओळखला जात नाही.

या पानांचे मोल सत्तेने फार लवकर ओळखले होते. १७१७ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने क्यूबातील तंबाखूवर मक्तेदारी लादली. शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध वारंवार उठाव केले. १७२३ च्या उठावात पकडलेल्यांना देहदंड मिळाला. मक्तेदारी १८१७ मध्ये संपली, आणि पुढच्या काही दशकांत हवाना शहर चिरुटांच्या कारखान्यांनी भरून गेले. १८४४ मध्ये एच. उपमान, १८४५ मध्ये पार्तागास. या कारखान्यांत गोरे मजूर होते, मुक्त कृष्णवर्णीय होते, गुलाम होते आणि कराराने बांधून आणलेले चिनीही होते. गुलामगिरी क्यूबात कायद्याने संपली ती १८८६ मध्ये. वळणाऱ्यांच्या दालनाला 'गालेरा' म्हणत. शाळेतल्यासारख्या बाकांच्या रांगा, डोळे आणि बोटे कामात गुंतलेली, आणि कान मोकळे. यंत्राचा आवाज तिथे नव्हता. ही शांतता साहित्याच्या इतिहासात महत्त्वाची ठरली.

२१ डिसेंबर १८६५ रोजी हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात सुमारे तीनशे कामगारांसमोर मोठ्याने वाचन सुरू झाले. वाचणारा त्यांच्यातलाच एक होता. त्या वेळात त्याची जी मजुरी बुडेल ती इतरांनी वर्गणी काढून भरून द्यायची असे ठरले. या कल्पनेमागे 'ला आउरोरा' हे कामगारांचे साप्ताहिक होते. ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाले होते, आणि त्याचा संपादक सातुर्निनो मार्तिनेस हा स्वतः चिरूट वळणारा कामगार व कवी होता. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८६६ मध्ये, पार्तागासच्या कारखान्यात वाचन सुरू झाले आणि ही प्रथा शहरभर पसरू लागली.

ती जितक्या वेगाने पसरली तितक्याच वेगाने तिच्यावर बंदी आली. मे १८६६ मध्ये शासनाने फर्मान काढले. पुस्तके व वृत्तपत्रे वाचून कामगारांचे लक्ष विचलित करण्यास आणि कामाबाहेरच्या विषयांची चर्चा करण्यास मनाई झाली. एकदा मनात येते, कादंबरीला घाबरणाऱ्या राज्यकर्त्यांना कादंबरीची ताकद प्राध्यापकांपेक्षा अधिक नेमकी कळत असावी. १८६८ मध्ये पहिले स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि उघड वाचनाला वावच उरला नाही. ते संपल्यावर, १८८० नंतरच्या दशकात, वाचन हळूहळू परतले आणि चांगले रुजले.

या प्रथेची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. वाचणाऱ्याला 'लेक्तोर' म्हणत. तो आता पूर्णवेळ व्यावसायिक झाला होता, पण त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपापल्या आठवड्याच्या मजुरीतून देत. निवडही तेच करत. दालनाच्या मध्ये किंवा एका बाजूला उंच आसनावर बसून, ध्वनिवर्धकाच्या मदतीशिवाय, शेकडो माणसांना ऐकू जाईल असे त्याला वाचावे लागे. सकाळी वृत्तपत्रे, नंतर कादंबरी. कोणती कादंबरी घ्यायची हे मतदानाने ठरे. व्हिक्टर ह्यूगो, अलेक्झांडर द्यूमा, एमिल झोला, सर्व्हांतेस, पेरेस गाल्दोस हे या दालनांचे आवडते लेखक. वाचन आवडले की कामगार चावेता फळीवर ठकठक वाजवत. नापसंती दाखवायची तर ती जमिनीवर आपटत. बहुसंख्य श्रोत्यांना अक्षरओळख नव्हती, परंतु त्यांना साहित्याची ओळख नव्हती असे म्हणता येणार नाही. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावली जाते, तेव्हा एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. पण पोथी कोणती हे परंपरेने ठरलेले असते. गालेरातला श्रोता आपली पोथी स्वतः निवडत होता, तिची किंमत स्वतः मोजत होता आणि तिच्यावर मत देत होता. समीक्षकाची तिन्ही लक्षणे त्याच्यात होती.

ज्याचे नाव आज जगभरच्या दुकानांत दिसते त्या 'मोंतेक्रिस्तो' चिरुटाची हकिकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९३५ मध्ये ही नाममुद्रा सुरू झाली. द्यूमाची कादंबरी कामगारांच्या फार आवडीची होती म्हणून चिरुटाला ते नाव मिळाले असे सांगतात. अन्यायाने तुरुंगात डांबलेला नाविक, वृद्ध सहकैद्याकडून अंधारात मिळालेले शिक्षण, आणि मग सूड. ही कथा बाकावर बसून ऐकणाऱ्याला आपली का वाटली असेल याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. श्रीमंत गिऱ्हाईक पेटीवरचे नाव वाचतो तेव्हा त्याला बहुधा सरदारी वैभव आठवते. वळणाऱ्याला कैदी आठवत असावा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकाच पेटीच्या आत आणि बाहेर नांदत आहेत.

ही प्रथा समुद्रापलीकडे गेली. युद्ध आणि दडपशाही टाळून क्यूबाचे अनेक कारखानदार व कामगार फ्लोरिडात स्थलांतरित झाले. टँपाजवळ १८८० च्या दशकाच्या मध्यावर विसेंते मार्तिनेस इबोर याने वसवलेल्या इबोर सिटीत कारखान्यांबरोबर वाचकही आले. नोव्हेंबर १८९१ मध्ये कवी होसे मार्ती टँपाला आला आणि त्याने चिरूट कामगारांपुढे भाषणे केली. पुढच्या वर्षी त्याने क्यूबाचा क्रांतिकारी पक्ष स्थापला. त्याला बळ दिले ते या कामगारांच्या वर्गणीने. १८९५ च्या उठावाचा आदेश टँपात एका चिरुटात वळून हवानाला धाडला गेला, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, कामगारांनी स्वतःविषयी जपलेली एक प्रतिमा म्हणून तिचे मोल आहे. आपण वळतो त्यात पानांपेक्षा अधिक काही असू शकते, हे तिचे सांगणे आहे.

टँपातले वाचन संपवण्याचे काम राज्यपालाने केले नाही, कारखानदारांनी केले. मंदीचे दिवस होते, यंत्रे येत होती. वाचक साम्यवादी मजकूर वाचतात असा आरोप ठेवून नोव्हेंबर १९३१ मध्ये मालकांनी वाचन बंद केले. कामगारांनी संप केला, तो मोडला गेला, आणि जिथे लेक्तोर बसत असे तिथे रेडिओ आला. रेडिओ आणि लेक्तोर यांतला फरक केवळ तंत्राचा नव्हता. रेडिओवर काय लागावे याचे मतदान गालेरात होत नाही. क्यूबन वंशाचे अमेरिकी नाटककार नीलो क्रूझ यांनी १९२९ च्या इबोर सिटीवर 'अ‍ॅना इन द ट्रॉपिक्स' हे नाटक लिहिले; त्यातला लेक्तोर टॉलस्टॉयची 'अ‍ॅना कारेनिना' वाचतो आणि ऐकणाऱ्यांची आयुष्ये ढवळून निघतात. या नाटकाला २००३ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात लेक्तोरचा खून होतो, यंत्रांचा हट्ट धरणाऱ्या माणसाच्या हातून.

क्यूबाच्या संस्कृतीचा या दृष्टीने पहिला मोठा विचार फर्नांदो ओर्तिस यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात केला. तंबाखू आणि साखर ही दोन पात्रे समोरासमोर उभी करून त्यांनी बेटाचा इतिहास सांगितला. साखर यंत्राची, भांडवलाची, गुलामांच्या जथ्यांची, आणि अखेर सर्वत्र सारखीच. तंबाखू हाताची, निगराणीची, पानापानाने वेगळी. 'ट्रान्सकल्चरेशन' ही आज अभ्यासक्रमात शिकवली जाणारी संज्ञा याच ग्रंथातली, आणि त्याला प्रस्तावना ब्रॉनिस्लॉव्ह मॅलिनॉव्स्की यांची. पण ओर्तिस यांच्या मांडणीत तंबाखूला झुकते माप मिळाले आहे. १९८५ मध्ये जीन स्टब्स यांनी क्यूबातील तंबाखू कामगारांचा इतिहास लिहिला, तेव्हा गालेरातल्या कुशल कारागिराच्या मागे उभे असलेले कमी मजुरीचे जग, शिरा काढणाऱ्या स्त्रियांसह, पुढे आले. वाचन ऐकणाऱ्यांची कहाणी सांगताना ही दुरुस्ती लक्षात ठेवायला हवी. गालेरातली लोकशाही सर्वांसाठी सारखी नव्हती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. द्यूमा ऐकत वळलेला चिरूट अधिक चवदार लागतो, असा माझा दावा नाही. तसे म्हणणे म्हणजे कामगारांच्या वाचनालाही पुन्हा गिऱ्हाइकाच्या जिभेच्या सेवेला लावणे होईल. वाचन त्यांनी मालासाठी सुरू केले नव्हते, स्वतःसाठी केले होते. माझे म्हणणे एवढेच, की एकाच वस्तूभोवती आस्वादाच्या दोन संस्था उभ्या राहिल्या. एकीने धुराच्या तीन तृतीयांशांसाठी अतिशय तरल भाषा घडवली. तिची मासिके आपल्यासमोर आहेत. दुसरीने कादंबऱ्यांचा आस्वाद घेतला, त्यावर कामानंतर वाद घातले, आणि चावेताच्या ठोक्यांनी अभिप्राय दिले. त्या ठोक्यांचा ग्रंथ कोणी केला नाही. पहिल्या संस्थेच्या लेखी दुसरी अस्तित्वातच नाही, आणि आस्वादक समीक्षेच्या मर्यादेविषयी मी वर्गात जे सांगण्याचा प्रयत्न करतो त्याचे इतके उघडे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. अनुभवाचे वर्णन कितीही सूक्ष्म झाले तरी तो अनुभव घडवणाऱ्या हातांपर्यंत ते आपोआप पोचत नाही. त्यासाठी वेगळा, मुद्दाम प्रयत्न लागतो.

शेवटचा तृतीयांश कडवट असतो, आणि तो नुसता चवीने नव्हे. ज्या पानाने कामगारांना कादंबऱ्या ऐकण्याइतकी शांतता दिली, त्याच पानाने तोंडाचे व घशाचे कर्करोगही दिले. चिरुटाचा धूर छातीत न घेतल्याने ही जोखीम टळत नाही. हा हिशेब कोणत्याही रसिकतेने मिटणारा नाही. तरीही गालेरातला आवाज थांबलेला नाही. क्यूबाच्या कारखान्यांत वाचन आजही चालते. २०१२ मध्ये त्या देशाने या प्रथेला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आता ध्वनिवर्धक असतो. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी हा शिरस्ता मात्र जुनाच.

शिष्टाचार असा सांगतात की, चिरूट दाबून विझवू नये. तो राखदाणीत ठेवून द्यावा, आपोआप विझतो. परीक्षक तिथे थांबतो आणि आपले गुण लिहितो. त्याच वेळी हवानात कुठेतरी कोणी कादंबरीचे पुढचे प्रकरण उघडत असते, आणि बाकांवरची माणसे, हात न थांबवता, ऐकत असतात.